एमएस्सीला शिष्यवृत्ती "नसतेच" म्हणतात. खरं का? (नाशिक)

सिन्नरचा_वारा | १२ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी सिन्नर तालुक्यातला. यंदा बी.एस्सी. झालो आणि नाशकात एम.एस्सी.ला, ऑरगॅनिक केमिस्ट्रीला, प्रवेश घेतला. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघे. कॉटचे २५००, मेसचे २८००, वर जर्नल, लॅबकोट, झेरॉक्स. फी वडिलांनी सोसायटीचं पीककर्ज उचललं त्यातून भरली. हे मला त्यांनी नाही, आईने सांगितलं, तेही गणपतीत घरी गेलो तेव्हा.

बी.एस्सी.ची तीनही वर्षं मी एकही फॉर्म भरला नाही. "आपल्याला कुठलं मिळतंय" हे घरात इतक्यांदा ऐकलं की खरंच वाटायला लागलं. यंदा म्हटलं बघू तरी. सीबीएसजवळच्या (जुन्या बसस्टँडजवळच्या) एका सायबर कॅफेत गेलो. तिथल्या भाऊंनी मान वर न करता सांगितलं, "एमएस्सीला काय नसतं. इंजिनीअरिंग-फार्मसीला असतं. पुढचा या."

डिपार्टमेंटला विचारलं तर "ऑनलाइन बघ". ऑनलाइन बघितलं तर याद्याच याद्या. अर्ध्यांची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली, आणि व्हिडिओवाले पंधरा मिनिटं बोलून शेवटी "लिंक कमेंटमध्ये" म्हणतात, ती तिथे नसते.

तर विचारायचं एवढंच की शोधायचं कुठे? आणि पदव्युत्तरला खरंच काही असतं, की भाऊ बरोबर आहेत?

द्राक्षमळा | १२ सप्टेंबर, रात्री ९.५२

जागा धरून ठेवतो. आमच्या घरीही यंदा एक एम.कॉम. आहे.

भद्रकालीकर | १२ सप्टेंबर, रात्री १०.०५

सायबरवाले भाऊ कधीच चुकत नाहीत. मला त्यांनी २०११ साली सांगितलं होतं की फोटो निळ्या बॅकग्राउंडवरच लागतो. लागत नव्हता. पण ते इतक्या ठामपणे म्हणाले होते की मी आजही सगळीकडे निळाच देतो.

टेबल_नंबर_चार | १२ सप्टेंबर, रात्री १०.३०

सिन्नरचा वारा, प्रवर्ग कोणता, उत्पन्नाचा दाखला केवढ्याचा आणि बी.एस्सी.ला टक्के किती? हे तीन कळल्याशिवाय इथे कोणी काहीही सांगितलं तरी हवेतलंच.

सिन्नरचा_वारा | १२ सप्टेंबर, रात्री १०.३८

ताई, ओपन. वडिलांच्या नावाचा दाखला १ लाख ४० हजारांचा आहे, मागच्या वर्षी बहिणीच्या ॲडमिशनला काढला होता. ८१ टक्के. शेती तीन एकर, कांदा आणि सोयाबीन.

टेबल_नंबर_चार | १३ सप्टेंबर, सकाळी ७.१५

आता ऐक. मी नाशकातल्याच एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसतेय. नाव सांगणार नाही, उद्या रांग लागेल.

तुला दोन दारं आहेत. एक महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. तिथे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघ. ती ओपनच्या मुलांसाठीच आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तुझा अभ्यासक्रम त्यात बसतो का हे प्रोफाइल भरलंस की पोर्टलच दाखवेल. "मित्राला आली", "मित्राला नाही आली" यावर जाऊ नकोस, त्याचं कॉलेज वेगळं, तुकडी वेगळी.

दुसरं दार राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, म्हणजे एनएसपी. त्यावर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. महिन्याला १५ हजार, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं. देशभरात १० हजार जागा, निवड पदवीच्या गुणांवर. आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा. दरवर्षी चार-पाच मुलं दुसऱ्या वर्षाला गेल्यावर माझ्याकडे येतात, "मॅडम, हे आत्ताच कळलं". मी काय करू? नोटीस मागच्या ऑक्टोबरात बोर्डावर होती, त्यावर गॅदरिंगचं पोस्टर चिकटवलं तुम्हीच.

आता माझ्या टेबलावरून काय दिसतं ते सांगते. मुलांचे अर्ज गुणांवरून फार कमी अडतात. नावावरून अडतात. गेल्या वर्षीचा एक ज्ञानेश्वर. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्याचं नाव इंग्रजीत 'डी'ने सुरू होतं, आधारवर 'जी'ने आणि बँकेत 'जे'ने. एकाच पोराचे तीन ज्ञानेश्वर. तिन्ही जुळवता जुळवता मुदत गेली.

मोबाइल नंबरचंही तसंच. सायबरवाला फॉर्म भरताना घाईत स्वतःचा नंबर टाकतो. मग ओटीपी त्याला, मेसेज त्याला. त्रुटी निघून अर्ज परत आला की तो पोर्टलवर तसाच पडून राहतो आणि पोरगं गावात सांगत फिरतं, फॉर्म भरलाय म्हणून. फॉर्म भरला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नसतं रे. दर आठ दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघायचं.

आणि तुझा तो दाखला रद्दीत टाक. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. तलाठ्याचा अहवाल घे, सेतूत नवीन टाक. उद्याच. परवा नाही.

भद्रकालीकर | १३ सप्टेंबर, सकाळी ८.०२

रेड्याकडून वेद वदवणं सोपं होतं, माउलींना महाडीबीटी भरायला लागलं असतं तर कळलं असतं.

ओझरकर | १३ सप्टेंबर, सकाळी ९.२०

काही उपयोग नाही. सगळं आरक्षणवाल्यांना मिळतं, ओपनवाल्याला कोण विचारतो? आमच्या वेळीही हेच होतं.

टेबल_नंबर_चार | १३ सप्टेंबर, दुपारी १.१०

ओझरकर, तुमच्या वर सहा इंच मी ओपनच्या मुलाला दोन योजना सांगितल्यात. वाचून तरी रडा.

निळी_शाई | १३ सप्टेंबर, दुपारी २.३५

"सगळं आरक्षणवाल्यांना मिळतं" यावर माझा अनुभव लिहिते.

मी येवला तालुक्यातली, एससी. इंजिनीअरिंगला भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती होती. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, आठ नाही. मधल्या काळात नियम बदलला आणि केंद्राच्या वाट्याची रक्कम कॉलेजऐवजी थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर यायला लागली. ती आली की सात दिवसांत कॉलेजात फी म्हणून भरायची.

आमच्याकडे पैसे आले त्याच आठवड्यात आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. वडिलांनी मला विचारलंही नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. खात्यात पैसे होते, दवाखाना समोर होता. नंतर कॉलेजने सहा महिने मार्कशीट अडकवून ठेवलं. मावशीची पोत मोडून फी भरली तेव्हा सुटलं. तर "मिळतं" म्हणजे काय, हे ज्याच्या खात्यात येतं त्याला कळतं.

सिन्नरचा वारा, रागावले तुझ्यावर नाही. तुझ्या वडिलांनी पीककर्जातून फी भरली, तेही हेच.

ओझरकर | १३ सप्टेंबर, दुपारी ३.१५

मला तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागे घेतो.

नेट_सेट_गो | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६.४४

मी जरा वेगळं बोलतो. एम.एस्सी.च्या शिष्यवृत्तीमागे जेवढा जीव काढाल त्यापेक्षा जेआरएफच्या, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या, मागे काढा. केमिस्ट्रीवाल्यांना त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा आहे, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. जेआरएफ निघाली की पीएच.डी.ला महिन्याला ३७ हजार, पुढे एसआरएफला (सीनिअर फेलोशिपला) ४२ हजार. जानेवारी २०२३ पासून हे दर आहेत, आधी ३१ होते. वर घरभाडे भत्ता. गेट दिली आणि एम.टेक.कडे वळलात तर तिथे १२,४०० महिना.

माझ्या बॅचच्या ज्या मुलांनी दोन वर्षं दाखले गोळा करण्यात घालवली त्यांची नेट राहिली. मी वाचनालयात बसलो, माझी निघाली. कडू आहे पण खरं आहे.

कॉट_नंबर_दोन | १३ सप्टेंबर, सायंकाळी ७.०१

दादा, ३७ हजार दोन वर्षांनी. मेसवाल्या काकू एक तारखेला मागतात.

नेट_सेट_गो | १३ सप्टेंबर, सायंकाळी ७.०६

मान्य.

गंगापूर_रोडची_ती | १३ सप्टेंबर, सायंकाळी ७.५०

कॉट नंबर दोन, "कमवा आणि शिका"चं कोणी बोललंच नाही. पुणे विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत आहे. कल्पना मुळात कर्मवीर भाऊराव पाटलांची, रयतमधली. मी एम.ए.ला असताना रोज सकाळी दोन तास ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवायचे, कधी बागेत पाणी. पैसे फार नसतात, मेसचं अर्धंअधिक निघायचं. पण वर्षअखेरीला दहा फॉर्म भरून एकाची तरी वाट बघत बसण्यापेक्षा ते हातात असायचे. शिवाय ग्रंथालयात काम करणाऱ्याला नोटीस बोर्डावर लागायच्या आधी नोटीस वाचायला मिळते. यूजीसीचं मला तिथेच कळलं.

लाज वाटते म्हणून मुलं नाव देत नाहीत. आमच्यातल्या एकीने मैत्रिणींना सांगितलं होतं की ती "लायब्ररी सायन्सचा कोर्स" करते.

मनमाड_जंक्शन | १४ सप्टेंबर, सकाळी ११.२५

एक धोक्याची शिट्टी वाजवून जातो.

बँक खात्याला आधार "जोडलेलं" असणं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार "सीडिंग" असणं या दोन निराळ्या गोष्टी. शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं तुम्हाला वाटतं. ते जातात आधारशी शेवटचं सीडिंग झालेल्या खात्यात. मग ते कुठलं का असेना.

माझे पहिले पैसे "जमा झाले" असं पोर्टल सांगत होतं. पासबुकात शून्य. बँकेत तीन चकरा, कॉलेजात दोन. शेवटी एका भल्या मॅनेजरने आधारवर तपासून सांगितलं की सीडिंग भलत्याच पेमेंट बँकेत आहे. आठवलं! बारावीत असताना सिमकार्ड घेतलं, दुकानदाराने अंगठा दोनदा लावायला लावला, म्हणाला नेटवर्क नाही. दुसरा अंगठा खात्याचा होता. चार वर्षं मला माहीतच नव्हतं की माझं आणखी एक खातं आहे. गाडी वेळेवर आली होती, मी फलाट क्रमांक एकवर उभा, ती आली चारवर.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सिन्नरचा_वारा | १४ सप्टेंबर, दुपारी १२.१०

माझं स्टेट बँकेचं खातं आहे, आधार दिलेलं आहे, त्यामुळे ती अडचण नाही. बाकी सगळ्यांचे खूप आभार. दाखल्यासाठी सोमवारी जातोय.

मनमाड_जंक्शन | १४ सप्टेंबर, दुपारी १२.१४

मीही असंच म्हटलं होतं.

सुरगाण्याची_पोर | १४ सप्टेंबर, रात्री ९.३०

आदिवासी मुलांपैकी कोणी वाचत असेल तर: सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून घरी परत जाऊ नका. त्यांच्यासाठीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. जेवण, राहणं आणि निर्वाहासाठी खात्यावर रक्कम येते. एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी तशीच स्वाधार आहे, ती समाजकल्याणकडे. आपली स्वयं नाशिक आणि कळवणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे.

आणि आपल्याला एक सोय आहे जी गडचिरोलीच्या मुलांना नाही. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालयच नाशकात आहे, गडकरी चौकात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गेटवरच अर्धा तास उभी होते, आत कोणी हाकललं तर? कोणी हाकललं नाही. शिपाईमामांनी विचारलं, "कुठली गं?" सुरगाणा म्हटल्यावर म्हणाले, "मी पेठचा." मग त्यांनीच कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगितलं. फोन करून काही कळत नाही, समोर उभं राहिलं की कळतं.

चहा_दोन_कट | १५ सप्टेंबर, सकाळी १०.४०

मी पाच हजार घालवलेत. हसू नका. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "तुमची ७५ हजारांच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा". मी कुठेच अर्ज केला नव्हता, तरी मला वाटलं कॉलेजने नाव पाठवलं असेल. पत्रावर सिंह होता, अशोकस्तंभाचा. त्याला तीनऐवजी दोनच तोंडं होती हे नंतर भावाने दाखवलं.

भद्रकालीकर | १५ सप्टेंबर, सकाळी १०.४७

तिसरं तोंड तुझे पाच हजार खात होतं.

जुनी_पंचवटी | १५ सप्टेंबर, सायंकाळी ५.३०

शिष्यवृत्तीचा विषय आणि नाशिक जिल्हा, म्हणून म्हाताऱ्याचं थोडं विषयांतर चालवून घ्या.

आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. याच महाराजांच्या बडोदा संस्थानाने १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करार होता की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. पुढे त्याच बाबासाहेबांनी आपल्या काळारामासमोर सत्याग्रह केला आणि येवल्यात धर्मांतराची घोषणा केली.

आणि भगूरचे सावरकर १९०६ साली लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांमार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिथे अट बरोबर उलटी, इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही. एका शिष्यवृत्तीत नोकरी कराच म्हणून लिहून घेतलेलं, दुसऱ्या शिष्यवृत्तीत करूच नका म्हणून. अटी वाचून सही करा हो पोरांनो.

ओझरकर | १५ सप्टेंबर, सायंकाळी ५.४८

फाळके राहिले. त्र्यंबकचे. ते विलायतेला सिनेमाचं तंत्र शिकायला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून.

भद्रकालीकर | १५ सप्टेंबर, सायंकाळी ५.५५

म्हणजे नाशिक जिल्ह्यात शिक्षणासाठी पैसे उभे करण्याचे सगळे प्रकार १९१३ च्या आत करून झाले. आता फक्त ओटीपी नवीन.

बिनव्याजी | १६ सप्टेंबर, रात्री ८.१५

परदेशाचा विषय निघालाच आहे तर: जे. एन. टाटा एंडॉवमेंट १८९२ पासून आहे, के. आर. नारायणन टाटांच्याच शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले होते. पण लक्षात ठेवा, ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडायची असते. के. सी. महिंद्राचीही तशीच, फक्त बिनव्याजी. आमच्या गल्लीत पेढे वाटून झाल्यावर एकाच्या वडिलांना हे कळलं. मला स्वतःला यात कमीपणा वाटत नाही. बँकेचा व्याजदर बघितला की बिनव्याजी कर्जाला शिष्यवृत्तीच म्हणावंसं वाटतं.

द्राक्षमळा | १६ सप्टेंबर, रात्री ८.४०

निळी शाई ताई, तुमच्या प्रोफाइलवर लीड्स दिसतंय. तिकडे कशा गेलात ते लिहा ना.

निळी_शाई | १७ सप्टेंबर, पहाटे ३.२० (इथे अजून रात्रच आहे)

लिहिते. अनुसूचित जातीच्या मुलांना बाहेर जायला दोन मोठ्या सरकारी वाटा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, वर्षाला ७५ जणांना, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधलं हवं. आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, १२५ जागा, वय ३५ पर्यंत, पदवीला ६० टक्के, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. केंद्राच्या योजनेत भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलंही बसतात, हे फार जणांना माहीत नसतं. माझ्या गावातल्या एका मजुराच्या मुलाला मी सांगितलं तेव्हा त्याला मी थट्टा करतेय असं वाटलं.

माझं पहिलं वर्ष कशात गेलं? एका शब्दात: कंडिशनल. विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं, घरी आनंदीआनंद, आईने पुरणपोळ्या केल्या. त्यात एक ओळ होती की अंतिम ट्रान्सक्रिप्ट आल्यावर प्रवेश पक्का. शिष्यवृत्तीला हवं होतं अनकंडिशनल. ट्रान्सक्रिप्ट मिळायला मला अकरा आठवडे लागले, कुठून ते लिहीत नाही. रोज खिडकीवर "साहेब रजेवर". पत्र पक्कं झालं तेव्हा शिष्यवृत्तीची मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

दुसऱ्या वर्षी मी पदवीचा निकाल लागल्यापासून ट्रान्सक्रिप्टचे पाच बंद लिफाफे कपाटात तयार ठेवले होते. आईने त्यांच्यावर हळदकुंकू लावलं होतं. एका लिफाफ्यावर ते अजून आहे, तो मी दिला नाही, जवळ ठेवलाय.

तिसऱ्यांदा_पास | १७ सप्टेंबर, दुपारी १२.५०

वाह. हळदकुंकू!

ज्यांना जातीच्या-उत्पन्नाच्या दाखल्यावर काही नाही त्यांच्यासाठी ब्रिटन सरकारची चेव्हनिंग, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस वगैरे आहेत. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, तेव्हा सिन्नरच्या वाऱ्याला आत्ता नाही. इरॅस्मसला अनुभवाची तशी सक्ती नाही, महिना १४०० युरो मिळतात. ते मात्र लक्षात ठेव.

मी दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. पहिल्या निबंधाची सुरुवात होती, "लहानपणापासूनच मला पर्यावरणाची आवड होती." खोटं. लहानपणापासून मला क्रिकेटची आवड होती. दुसऱ्या वर्षी शब्द भारी केले. तिसऱ्या वर्षी सातपूरच्या आमच्या कारखान्यातली एकच गोष्ट लिहिली: सुटे भाग धुतलेलं पाणी गटारात जायचं, ते गाळून परत वापरायला मी आणि पाळीवरच्या सहा जणांनी सुपरवायझरला कसं पटवलं, तो आधी का नाही म्हणाला, आणि उन्हाळ्यात टँकर कमी लागल्यावर काय म्हणाला. मुलाखतीतले अर्धे प्रश्न त्या सुपरवायझरवर होते.

आणि शिफारसपत्र. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी लिहून नेलं. स्वतःची इतकी स्तुती केली होती की सर चष्मा काढून म्हणाले, "हा कोण? याला माझ्याकडे पाठव, पीएच.डी.ला घेतो." मग त्यांनी स्वतःच लिहिलं, चार ओळी जास्त आणि खोटं कमी.

कॉट_नंबर_दोन | १७ सप्टेंबर, दुपारी १.३०

या धाग्याची वाचनखूण साठवली आहे.

ओझरकर | १७ सप्टेंबर, दुपारी २.००

शब्द मागे घेतले होतेच, आता अजून एक करतो. मुलगी एम.फार्म.ला आहे. "ओपनवाल्याला कोण विचारतो" म्हणत मी तिचा दाखलाच काढला नव्हता. टेबल नंबर चार, तिला काही?

टेबल_नंबर_चार | १७ सप्टेंबर, रात्री ९.१५

२०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते ईडब्ल्यूएस (ओपनमधले आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत. तुमचं बसत असेल तर आधी ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशफेरीतून, झालाय का बघा. संस्थेच्या कोट्यातून असेल तर गोष्ट वेगळी.

ओझरकर | १७ सप्टेंबर, रात्री ९.२२

कॅपमधून आहे. उद्या सकाळी तहसील.

सिन्नरचा_वारा | २२ जानेवारी, रात्री ११.०५

धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

दाखल्याला तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला गेलेले, दुसऱ्यांदा सर्व्हर, तिसऱ्यांदा मिळाला. दोन्ही अर्ज मी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या नंबरने भरले. महाडीबीटीचा अर्ज एकदा परत आला, वडिलांच्या नावात "राव" एका ठिकाणी होतं, एका ठिकाणी नव्हतं. आठ दिवसांनी बघायची सवय लावली होती म्हणून दिसलं.

यूजीसीची नाही मिळाली. ८१ टक्के तिथे कमी पडले. वाईट वाटलं, दोन दिवस वाटलं. शाहू महाराजांची मंजूर झाली.

आणि मनमाड जंक्शन दादा. मंजूर झाल्याचा मेसेज आला त्या रात्री झोप येईना म्हणून सीडिंग स्टेटस बघितलं. स्टेट बँक नाही! अकरावीत कॉलेजच्या गेटवर कोणीतरी "खातं उघडा, पन्नास रुपये मिळवा" म्हणून टेबल टाकलं होतं. आम्ही सगळ्या वर्गाने वडापाव खाल्ला होता त्या पैशांत. सकाळी साडेदहाला बँकेच्या दारात उभा होतो, फॉर्म भरला, सहा दिवसांनी सीडिंग बदललं. पहिला हप्ता काल स्टेट बँकेत आला.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. सोसायटीचं मार्चला भरायचंय." आणि मग एकदम, "सायबरवाल्याने किती घेतले?" म्हटलं काहीच नाही, मीच भरला. त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मागे मोटारीचा आवाज येत होता. मग म्हणाले, कांद्याला पाणी द्यायचंय, ठेव.

आता जूनच्या नेटचा अभ्यास चालू केलाय. नेट सेट गो दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मनमाड_जंक्शन | २३ जानेवारी, सकाळी ६.५०

पन्नास रुपयांचा वडापाव वर्गभर? कुठला तो वडापाववाला, पत्ता दे.

टेबल_नंबर_चार | २३ जानेवारी, सकाळी ७.२०

शाब्बास. दुसऱ्या वर्षाला नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. ३१ मार्चनंतर नवीन दाखला. आत्ताच वहीत लिही.

भद्रकालीकर | २३ जानेवारी, सकाळी ९.००

सीबीएसजवळच्या भाऊंना कोणीतरी हा धागा प्रिंट काढून द्या. प्रिंट त्यांच्याकडेच काढा, पानाला पाच रुपये.

द्राक्षमळा | २३ जानेवारी, सकाळी ९.४५

सप्टेंबरात जागा धरून ठेवली होती, आता विचारतो. आमच्या एम.कॉम.ला काय आहे का?

टेबल_नंबर_चार | २३ जानेवारी, सकाळी ९.४७

प्रवर्ग, उत्पन्न, टक्के?